जुनी कंबरदुखी: निर्गुडीचं तेल घरी कसं काढावं, सोबत कोणते व्यायाम? (वडील, वय 64)

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. आप्पांच्या (वडील) कंबरदुखीसाठी नेमकी माहिती हवी आहे.

दुखणं जुनं आहे. कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि कुल्ल्याच्या वरच्या भागात दुखतं, गुडघ्याखाली उतरत नाही. मुंग्या नाहीत, पायांतली ताकद नीट आहे. सकाळी उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं कंबर धरलेली असते, चाललं की सुटते. खुरपणी किंवा कांदा लागणीला वाकून काम झालं की पुढचे दोन दिवस उसण भरल्यासारखं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलंय. एमआरआयमध्ये एल-4 आणि एल-5 या कमरेच्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आल्याचं लिहिलंय, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले.

हृदयात स्टेंट आहे. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू, साखरेसाठी मेटफॉर्मिन. त्यामुळे दुखण्याच्या गोळ्या शक्यतो नकोत असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय.

बांधावर निर्गुडी भरपूर आहे. तेल कसं काढायचं, त्यात निलगिरी, गंधपुरा, लवंग, पुदिना यांपैकी काय आणि किती घालावं, आणि व्यायाम कोणते? गुग्गुळाच्या गोळ्या किंवा काढा पोटात द्यावा का, हेही सांगा.

खलबत्ता

आधी पाला तोच आहे ना ते बघा. निर्गुडीच्या एका देठावर तीन किंवा पाच पानं हाताच्या बोटांसारखी असतात, पाठीमागून पांढरट-करडी लव, चुरडल्यावर उग्र वास, आणि तुऱ्यात निळसर जांभळी बारीक फुलं. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर ती कुंपणाला टिकते. फवारणी होते त्या बांधावरचा पाला घेऊ नका.

नुसता पाला तेलात तळून काळा करतात, ते तेल नव्हे. शास्त्रातलं प्रमाण साधं आहे: कल्क एक भाग, तेल चार भाग, काढा सोळा भाग. घरी एका वेळी 250 मिली तेल काढा, त्याहून जास्त करायला जाऊ नका.

ताजा पाला अर्धा किलो, चार लिटर पाण्यात मंद आचेवर उकळा. पाणी एक लिटर उरलं की गाळा. वेगळा 60 ग्रॅम पाला पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये चटणीसारखा वाटा, हा कल्क. रुंद तोंडाच्या कढईत 250 मिली तिळाचं तेल (घाण्याचं, न भाजलेल्या तिळाचं), हा कल्क आणि एक लिटर काढा एकत्र करून मंद आचेवर ठेवा. कढई मिश्रणाच्या निदान तिप्पट मोठी हवी, कारण शेवटी फेस चढतो आणि उतू गेलं तर तेल पेटू शकतं. तीन-चार तास लागतात. एका दिवसात उरकायची घाई नको. संध्याकाळी गॅस बंद करून दुसऱ्या दिवशी पुढे चालवलं तर उलट बरं.

झालं की नाही याच्या तीन खुणा. कल्क बोटांत घेऊन वळला तर त्याची वात झाली पाहिजे, हाताला चिकटता कामा नये. ती वात विस्तवात धरली तर तडतडता कामा नये. तडतडली म्हणजे पाणी बाकी आहे. तिसरी खूण म्हणजे तेलावर फेस येतो. या तिन्ही एकदम दिसल्या की लगेच उतरवा. इथे पाच मिनिटं जास्त झाली तरी कल्क करपतो, तेलाला जळका वास येतो आणि ते अंगाला लावायच्या लायकीचं राहत नाही. उलट लवकर उतरवलं तर उरलेल्या पाण्यामुळे पंधरा दिवसांत बुरशी धरते. बहुतेकांचं तेल या दुसऱ्या चुकीने वाया जातं.

कोमट असतानाच सुती कापडातून गाळा, कल्क पिळून घ्या. 200 मिलीच्या आसपास हाती लागेल. कोरड्या, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत भरा, सहा महिन्यांत संपवा. मध्येच खवट वास आला तर टाकून द्या.

शास्त्रात तेलाची आधी मूर्च्छना करतात, म्हणजे ते औषधी वनस्पतींसोबत उकळून शुद्ध करतात. घरच्या वापराला ती पायरी गाळली तरी चालतं.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. निर्गुडीवर प्राण्यांवरचे प्रयोग बरेच झालेत, माणसांवरचे चांगले अभ्यास थोडे आहेत. मालिशीची ऊब आणि चोळणं यांचा त्या आरामात मोठा वाटा आहे. आराम मिळतो, पण काही तासांचा. ते तास व्यायामाला वापरले तरच या सगळ्या खटाटोपाला अर्थ.

थेंबमोजणी

सुगंधी तेलांबद्दल मी लिहितो.

गंधपुरा आप्पांसाठी पूर्ण बंद. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. गंधपुऱ्याचं तेल म्हणजे जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट, अॅस्पिरिनचं सख्खं भावंड. एक चहाचा चमचा (5 मिली) तेलात साधारण 7 ग्रॅम सॅलिसिलेट असतं, म्हणजे 325 मिलिग्रॅमच्या अॅस्पिरिनच्या वीस-एकवीस गोळ्या. ते कातडीतून रक्तात उतरतं, आणि वर शेक दिला तर जास्तच. वॉरफरिन घेणाऱ्यांमध्ये नुसतं असं मलम चोळून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. आप्पांच्या दोन गोळ्या आधीच रक्त गोठू देत नाहीत, त्यात ही भर नको. बाजारातल्या बहुतेक दुखीच्या मलमांत आणि स्प्रेमध्ये हेच असतं, म्हणून डबीवरचं बारीक अक्षर वाचा. घरात लहान मूल असेल तर गंधपुऱ्याची बाटली घरातच नको. एक चमचा पोटात गेला तरी मूल दगावू शकतं.

लवंगेचं तेलही वगळा. त्यातलं युजेनॉल रक्त गोठवणाऱ्या पेशी (प्लेटलेट) एकमेकींना चिकटू देत नाही, आणि कातडीला त्याची अॅलर्जी लवकर बसते. धडधाकट माणसालासुद्धा अर्ध्या टक्क्याच्या वर लावू नये.

आप्पांसाठी, 100 मिली निर्गुडी तेलात:

निलगिरी 20 थेंब, लॅव्हेंडर 12, पुदिना 8. एकूण 40 थेंब म्हणजे सुमारे 2 मिली, म्हणजे दोन टक्के. याहून जास्त घातल्याने जास्त गुण येत नाही, आग मात्र जास्त होते. ड्रॉपरचा थेंब लहानमोठा असतो. नेमकं हवं असेल तर सुई काढलेली 2 मिलीची सिरिंज वापरा: निलगिरी 1 मिली, लॅव्हेंडर 0.6, पुदिना 0.4.

ही तेलं कधीही गरम तेलात घालू नका. वास उडून जातो आणि वाफ पेट घेते. निर्गुडी तेल पूर्ण गार झाल्यावर घाला, बाटली हलवा, एक दिवस राहू द्या. प्लॅस्टिकची बाटली नको, ही तेलं मऊ प्लॅस्टिक खातात.

विकत घेताना बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं. पूजेच्या किंवा अगरबत्तीच्या दुकानातलं 'लॅव्हेंडर' बहुतेक वेळा कृत्रिम सुवास असतो, तो कातडीला लावायचा नाही.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब चोळून 24 तास थांबा. लाली, खाज, पुरळ आलं तर लॅव्हेंडर आणि पुदिना वगळून पुन्हा बघा. कापूर घालायचाच असेल तर 100 मिलीला 5 ग्रॅम, त्याच्या वर नाही, आणि तोही पोरांच्या हाताबाहेर. निलगिरी आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात.

सरळकणा

व्यायामाकडे वळण्याआधी एमआरआयबद्दल दोन शब्द, कारण तो कागद वाचून लोक हालचालच बंद करतात. 2015 साली तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिलेला एक आढावा आला होता. या माणसांना कंबरदुखी नव्हती. तरी साठीतल्यांपैकी जवळपास 69 टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. आप्पांच्या कागदावरची ओळ खरी आहे, पण दुखण्याचं कारण तीच आहे असं त्यावरून ठरत नाही.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून दुखणं वाकण्याने वाढतंय. म्हणून पहिले सहा आठवडे वाकायला लावणारे व्यायाम नकोत: पश्चिमोत्तानासन, पायाचे अंगठे धरणं, दोन्ही गुडघे छातीशी आवळणं, सिट-अपसारखे (आडवं पडून उठून बसण्याचे) पोटाचे व्यायाम. सकाळी उठल्यावर पहिला तासभर तर वाकणं टाळाच. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि त्या वेळी वाकण्याचा ताण त्यांना जास्त बसतो. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटून बसायचं.

क्रम असा ठेवा. तेल आणि शेक झाल्यावर अर्ध्या तासाने, किंवा दुपारी चारच्या सुमारास.

मार्जारासन (हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ आळीपाळीने वर-खाली करणं) सात-आठ वेळा, सावकाश. ताणायचं नाही, सांधे फक्त मोकळे करायचे.

मग तीन व्यायाम, जे कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी रूढ केले. पहिला: पाठीवर झोपून एक गुडघा वाकवलेला, एक सरळ, दोन्ही तळवे कमरेच्या खळग्याखाली. डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे. हनुवटी छातीला लावली की चुकलं, मग मान दुखते आणि पोटाला काम लागत नाही. दुसरा: कुशीवर, कोपर आणि गुडघे टेकून कंबर उचलायची. खांदा दुखत असेल तर हाच व्यायाम उभ्याने भिंतीला कोपर टेकवून करा. तिसरा: हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. पाय कमरेच्या रेषेच्या वर गेला की कंबर आत दबते आणि दुखतं. कमरेवर अर्धी भरलेली पाण्याची वाटी ठेवून बघा, ती सांडली नाही तर बरोबर.

प्रत्येक स्थितीत आठ ते दहा सेकंद. आधी पाच वेळा, थोडी विश्रांती, मग तीन वेळा, मग एकदा. धरून ठेवायचा वेळ वाढवू नका, वाढवायचाच तर फेऱ्या वाढवा. स्टेंट आहे म्हणून श्वास कोंडायचा नाही. मोठ्याने आकडे मोजायला लावा, म्हणजे आपोआप कोंडला जात नाही.

शेवटी सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं), पाच सेकंद धरून आठ-दहा वेळा. टाचा कुल्ल्यांच्या जवळ घ्या आणि जोर टाचेवर द्या. टाचा लांब राहिल्या की मांडीच्या मागे पेटका येतो.

भुजंगासनाबद्दल लोक सरसकट सांगतात, तसं करू नका. आधी नुसतं पालथं झोपून कोपरांवर दोन मिनिटं राहून बघा. कुल्ल्यातलं दुखणं सरकत कमरेच्या मध्यावर आलं तर चांगली खूण, पुढे जायला हरकत नाही. दुखणं खाली मांडीकडे उतरू लागलं तर तिथेच थांबा. ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि खाली बसलं किंवा पुढे झुकलं की बरं वाटतं, त्यांची मज्जारज्जूची वाट अरुंद झालेली असू शकते. त्यांना भुजंगासन बाधतं, आप्पांच्या बाबतीत एकदा हे विचारून घ्या.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी दोनाने वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं तर चालू ठेवा. त्याहून जास्त झालं तर फेऱ्या निम्म्या करा, बंद करू नका.

आणि चालणं. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांपैकी ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस रोज अर्ध्या तासापर्यंत चालायला शिकवलं, त्यांचं दुखणं परत यायला मध्यमानाने 208 दिवस लागले. बाकीच्यांचं 112 दिवसांत परतलं. आप्पांनी दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्यांपासून सुरुवात करावी. शेतातलं चालणं यात धरू नका, तिथे दर चार पावलांवर वाकणं होतं.

शिवारफेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून तीन शंका. मालिश आणि शेक नेमका कसा द्यायचा, साखर आहे म्हणून विचारतोय. कमरेचा पट्टा लावावा का? आणि शेजारचे म्हणतात पायाळू माणसाकडून कमरेला लाथ लावून घ्या, उसण जाते.

खलबत्ता

पायाळूची लाथ अजिबात नको. साठीनंतर हाडं ठिसूळ असू शकतात, कमरेवर पाय दिल्याने मणका दबल्याची उदाहरणं आहेत. कमरेवर उभं राहून तुडवणंही त्यातच आलं.

मालिशीला 10 ते 15 मिली तेल पुरे, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपवा. मणक्यांच्या हाडांवर नाही, दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर तळव्याने खालून वर, मग कुल्ल्यांवर गोल. दहा मिनिटं. अंगठ्याने रुतवून दाबू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या की काळेनिळे डाग पडतात.

शेकाला जाडं मीठ पाव किलो, ओवा दोन चमचे आणि मूठभर निर्गुडीचा पाला कोरड्या तव्यावर भाजून दुपदरी सुती कापडात पुरचुंडी बांधा. आधी तुमच्या स्वतःच्या मनगटावर लावून बघा, आप्पांना विचारून नाही. साखरेमुळे चटका कळण्याची जाण कमी झालेली असू शकते आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. एका जागी धरून न ठेवता सरकवत ठेवा, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा.

पुदिना-निलगिरी घातलेल्या तेलावर शेक देऊ नका. शेक द्यायचा त्या वेळी नुसतं निर्गुडी तेल, आणि सुगंधी तेलाचं मिश्रण रात्री झोपताना, शेकाशिवाय. म्हणून दोन बाटल्या वेगळ्या ठेवा.

तेल लावल्यावर अनवाणी मोरीत जाऊ देऊ नका. तळव्याला लागलेल्या तेलाने घसरून पडणं हा या सगळ्या उपचारातला सर्वांत मोठा धोका आहे. तळवे कोरड्या फडक्याने पुसा, मगच उठू द्या.

पोटातल्या औषधांचं: गुग्गुळ नको. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर धोका आहेच, शिवाय डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या औषधांचं शोषण तो कमी करतो. 'महा' लावलेल्या योगराज गुग्गुळात धातूंची भस्मं असतात, ती तर वैद्याच्या देखरेखीशिवाय कुणीच घेऊ नयेत. जेवणातली हळद, आलं, सुंठ चालेल. हळदीच्या अर्काच्या, मिरे घातलेल्या कॅप्सूल नकोत, मिऱ्यातल्या पिपेरीनमुळे दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल देण्याची जुनी पद्धत आहे. बद्धकोष्ठ असेल तर कधीतरी एक चमचा, रोज नाही. रोजच्या जुलाबांनी पोटॅशियम कमी होतं आणि हृदयाच्या रुग्णाला ते महागात पडतं.

आणि बाजारात, जत्रेत सुट्या पुड्या मिळतात, लेबल नसलेल्या, 'दोन दिवसांत गुण'. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं खरंच थांबतं, पण साखर भडकते, तोंड सुजतं, हाडं पोकळ होतात, आणि एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. आप्पा आधीपासून अशी पुडी घेत असतील तर स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

सरळकणा

पट्ट्याबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या मार्गदर्शनात जुन्या कंबरदुखीला नेहमीच्या उपचारात पट्टे आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) देऊ नका असं सांगितलंय. उसण भरल्यावर एखाद-दोन दिवस उठण्या-बसण्यापुरता लावला तर ठीक, रोज नाही.

आणि हे कुठल्याही तेलाने होणारं काम नाही: लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधीरपणा, पाऊल उचलता न येणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल, रात्र असली तरी. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्या, आपल्याकडे तो अजून बराच आढळतो. पडल्यानंतर अचानक सुरू झालेलं दुखणं एक्स-रेशिवाय चोळू नका.

थेंबमोजणी

एक राहिलं. निर्गुडी तेलाने भागत नसेल तर मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम (0.025 ते 0.075 टक्के) डॉक्टरांना विचारून वापरता येईल. लावायच्या औषधी वनस्पतींमध्ये कंबरदुखीसाठी त्यातल्या त्यात बरा पुरावा मिरचीचाच आहे. दिवसातून तीन-चार वेळा लावावं लागतं, पहिले काही दिवस आग होते, गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लोक तिसऱ्या दिवशीच सोडून देतात. लावल्यावर हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका, आणि त्यावर शेक किंवा गरम पाण्याची आंघोळ नको. घरी मिरचीचं तेल काढू नका, तिखटपणा मोजता येत नाही.

कोळपं

उसण खुरपणीनंतर भरते असं लिहिलंय, म्हणून शेतातल्या कामाचं सांगतो.

खुरप्याऐवजी ओळीतलं तण सायकल कोळप्याने काढा, उभ्याने होतं. दांडा छातीच्या उंचीला येईल असा बसवा. आखूड राहिला तर माणूस पुन्हा वाकतोच. रोपांजवळचं उरलेलं तण पाटावर बसून. कांदा लागण सलग करू नका. वीस-पंचवीस मिनिटं झाली की उठून कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुकायचं, मग रोपं आणून देण्यासारखं उभ्याचं काम थोडा वेळ, मग पुन्हा लागण. खाली वाकायचंच तर कमरेत नाही, खुब्यात वाका: गुडघे थोडे सैल, कुल्ले मागे, पाठ सपाट. पाठीला उभी काठी लावून सवय करा. डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेली राहिली पाहिजेत.

कांद्याची 50 किलोची गोणी आप्पांनी उचलू नये. त्यांच्यासाठी 20 किलोच्या जाळीच्या पिशव्या भरा. पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप भरल्यावर वीस किलोच्या आसपास जातो आणि तो जमिनीवरून पाठीवर घेतानाच लचक भरते. आठ लिटरच भरा, बैलगाडीच्या साट्यावर किंवा कमरेइतक्या ओट्यावर ठेवून तिथूनच पट्टे अडकवा, आणि उतरवतानाही तिथेच टेकवा.